भरदुपारचा गार दगड

इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी ती हकीकत जशीच्या तशी समोर उभी राहते. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्या लोकांची नातवंडे अजून गावात आहेत. माझी शाळा चौथीपर्यंतची. पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि जमादार झालो तो कामावर, परीक्षेवर नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. चंद्रपूरला तेव्हा सारे चांदाच म्हणत. परकोटाच्या आत, वेशीजवळ एक गल्ली होती. पूर्वी तिथे कोष्टी राहत, कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणत. मग कचेऱ्या वाढल्या, आणि वकील, रेंजर, लाकडाचे ठेकेदार त्या गल्लीत घरे भाड्याने घेऊ लागले. तिथे राहायला गेला म्हणजे माणूस मोठा झाला, अशी समजूत. त्या गल्लीत एक घर गोंड राजाच्या वेळचे म्हणून सांगत. जाड भिंती, सागाचे खांब, वर माडी. मालकीण एक कोष्ट्याची विधवा. तिने घर नीट करून घेतले, छपरावर नवे कवेलू घातले, फरशी बसवली, विजेचा दिवा आणला. मागच्या खोलीत स्वतः राहिली आणि पुढचा भाग एका ठेकेदाराच्या मुनीमाला भाड्याने दिला. त्या भाड्यावरच तिचे पोट होते.

मुनीम राहायला आला आणि थोड्याच दिवसांत छपरावर दगड पडू लागले. भरदुपारी. गडगडत खाली यायचे आणि ओट्यावर पडायचे. फेकणारा कोणाला दिसत नसे. गल्लीने ठरवून टाकले, ही भानामती. आणि भानामती करणार कोण, तर मागच्या खोलीत एकटी राहणारी विधवा. आपल्या घरात दुसरा सुखाने राहतो हे तिला पाहवत नाही, म्हणे. भाडेकरू तिनेच ठेवला होता, हे कोणी बोलले नाही.

रीतसर रिपोर्ट कोणी दिला नाही. खबर दिली वेशीवरच्या पानठेलेवाल्याने. पानाला चुना लावता लावता खाली मान घालून म्हणाला, "जमादारसाहेब, शनिवारी भगत बोलावला हाये. बाईचे दात पाडाचं ठरलं."

दात पाडले की मंत्र नीट म्हणता येत नाही आणि करणी चालत नाही, असे लोक मानत. असे दात पाडलेली एक बाई मी आधी जंगलातल्या एका गावात पाहिली होती. ती फार दिवस जगली नाही.

ठाणेदारसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, तुम्हाला जसे योग्य वाटेल तसे करा. शनिवारी सकाळीच मी बाईला जबाबासाठी म्हणून ठाण्यात आणून बाकावर बसवले. वहीम कोणावर आहे, विचारले. "मले काई मालूम नाई." गल्लीत वैर कोणाशी? नाई. भाडेकरू कसे आहेत? चांगले हायेत. उलटसुलट विचारून पाहिले, तिचे तेच. चहा दिला तर प्याली. निरपराध माणूस ठाण्यात आला की फार बोलतो, दहा जणांची नावे घेतो, हा माझा अनुभव. ही गप्प. मला तिचाच संशय येऊ लागला.

दुपारी तिला शिपायाच्या ताब्यात ठेवून गल्लीत गेलो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, चालू होता. तरी झाडून सारी गल्ली मुनीमाच्या दारात. भगत ओट्यावर लिंबे मांडून बसलेला. त्या दिवशी दगड एकही पडला नव्हता. गल्लीतले एक वकील मला ऐकू जाईल असे म्हणाले, "बाई ठाण्यात तं दगडबी बंद. जमादार, आता तुमालेच पुरावा भेटला." लोक हसले. पेच माझ्या लक्षात आला. तिला वाचवायला नेले होते, आणि तिच्या नसण्यानेच ती गुन्हेगार ठरत होती. सोडल्याबरोबर लोकांनी तिला धरले असते.

तेवढ्यात छपरावर गडगड झाली. दगड येऊन माझ्या पायाशी पडला. लोक मागे सरले. मी उचलला.

नवतप्यात चांद्याला उघड्यावरचा दगड हातात धरवत नाही. हा गार होता. एका अंगाला ओली रेती. तो रस्त्यावरचा नव्हता, छपरावर तापलेलाही नव्हता. मी तो खिशात टाकला आणि पाणी पितो म्हणून एकटाच आत गेलो.

जिन्याखाली ओल्या रेतीत रांजण, भोवती टेकूचे दगड. रेतीत एक खळगा रिकामा. मुनीमाची बायको माडीवरून उतरत होती. आरमोरीकडच्या खेड्यातली, विशीतली पोर. मी दगड खळग्यात ठेवला. तो बसला. ती पायरीवरच थांबली.

"सारे तूच टाकले?"

"पयला वांदरानं पाडला," ती म्हणाली. "घरवाला भेला न म्हणे, हे घर सोडून देऊ. मंग मी टाकत गेली, माडीच्या बाजूच्या झरोक्यातून."

घर का नको, ते तिने हळूहळू सांगितले. माहेरी बाया मिळून धानाचा रोवणा करायच्या, गाणी म्हणत. इथे नवरा सकाळी बाहेर पडला की दार बंद. ओट्यावर बसायचे नाही, शेजारी मोठे लोक. मागच्या बाईशी बोलायचे नाही, ती कोष्टीण. "भिंती चांगल्या हायेत साहेब, पन बोलत नाईत."

मी विचारले, "आज गप रायली असती तं सुटली असती. मंग आज काऊन टाकला?"

"नसता टाकला तं बाईचे दात गेले असते ना."

मी बाहेर आलो. गल्लीला बजावले, बाई सरकारच्या ताब्यात असताना दगड पडला आहे, तुम्ही सगळे पंच आहात. आता तिच्या अंगाला कोणी हात लावला तर सरळ आत घालीन. भगताची लिंबे त्यालाच बांधून दिली. मुनीमाला बाजूला घेऊन सांगितले, उद्याच्या मोटारीने बायकोला माहेरी पोचव, तपासाला अडचण होते. असा अधिकार मला नव्हता. त्याने विचारले नाही. रोजनाम्यात लिहिले की वांदरांमुळे छपरावरचे दगड-कवेलू घसरत होते. पहिल्या दगडापुरते ते खरेच होते. चुकलो असे मला आजही वाटत नाही.

मुनीमाने घर सोडले. भुताचे घर म्हणून दुसरा भाडेकरू मिळेना आणि बाईचे खायचे वांधे झाले. तेव्हा ते मीच भाड्याने घेतले. वकिलांना जमादाराचा शेजार आवडला नाही, मला आवडला. दगड पडले नाहीत. लोक म्हणाले, पोलिसाले भूतबी भेते.

एक दिवस बाईला मी खरा प्रकार सांगितला. ती कोशाचा धागा काढत होती. हात थांबला नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "माह्या खोलीतून झरोका दिसते."

"मंग ठाण्यात काऊन नाई बोलली?"

"बोलली असती तं त्या पोरीले नवऱ्यानं ठेवलं नसतं. माह्ये दात तसेबी हालूनच राह्यले होते."

नोकरीत मी हे उशिरा शिकलो. ठाण्यात गप्प बसणारा काही तरी लपवतो हे खरे, पण तो स्वतःसाठीच लपवतो असे नाही. पुढे कोणी तोंड उघडत नसला की मी त्याला आधी एवढेच विचारत असे, तू कोणासाठी गप्प आहेस? उत्तर क्वचितच मिळे. पण हात उचलायची वेळ फार कमी आली.