अण्णांची तीन सेकंदांची आरोळी

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. तेव्हा आता तुम्ही माझी केली तरी तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

पोखर्णीत आमचं घर, शेत तिथून चांगलं दोन किलोमीटर. मी घरूनच एका कंपनीसाठी ब्राउझरमध्ये चालणारे गेम बनवतो. माझ्याकडे आवाजाचं काम – पडद्यावर वस्तू जिथे असेल तिथूनच हेडफोनमध्ये आवाज यायला हवा. डावीकडून, उजवीकडून, पाठीमागून. तपासायला बाकीचे घंटी-बिंटी वापरतात. मी अण्णांची, म्हणजे वडिलांची, ज्वारीवरची पाखरं हाकलतानाची आरोळी लावायचो. तीन सेकंदांची क्लिप, सारखी वाजत राहणारी. बापाचा आवाज कुठून येतोय हे डोळे मिटूनही कळतं, एवढंच कारण.

त्या दुपारी जेवून बसलो होतो. पडद्यावर पिवळा ठिपका गोल फिरत होता, त्याच्यासोबत आरोळीही. अचानक ठिपका थांबला. आवाज खालून यायला लागला – माझ्या पायांखालून, घुमत. आता वर-खालीचं कोड मी अजून लिहिलंच नव्हतं. घुमारा तर कुठेच लावला नव्हता. एकेक ओळ बंद करून बघितली, आवाज तिथंच. मग दोन आरोळ्यांमधलं अंतर वाढायला लागलं, आवाज बसत गेला... दमल्यासारखा. रेकॉर्ड केलेली क्लिप दमेल कशी?

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण आम्हा प्रोग्रामर लोकांची खोड वाईट – काही विचित्र दिसलं की तो बगच, कोडमधली चूक. अण्णांना एक फोन करावा, एवढंही सुचलं नाही. पाऊण तास डोकं खाजवलं, शेवटी वैतागून क्लिपच काढली आणि घंटी लावली. ठिपका मुकाट फिरायला लागला. सुटलो एकदाचा म्हणून चहा ठेवायला उठलो.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले किसनमामा धापा टाकत दारात आले.

"चल लवकर. आण्णा हिरीत पडलेत. काडलंय वर, पर पाय मोडलाय."

मी बग शोधत असताना अण्णा विहिरीतल्या मोटारीचा पाइप धरून अर्धा तास पाण्यात होते. परभणीला नेताना गाडीत मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"हाका मारू मारू घसा बसला माजा," ते म्हणाले. "तू काठावर हुभा ऱ्हाऊन बघायलतास. मी हात वर केला, तर पाठ फिरवून गेलास. का रं?"

मी घरी होतो. आई समोरच शेंगा फोडत बसली होती, तिनं हे अण्णांना किती वेळा सांगितलं असेल. ते नुसतं ऐकून घेतात.

क्लिप पुन्हा लावून बघायची हिंमत झालेली नाही. काठावर कोण उभं होतं ते मला माहीत नाही. अण्णांचा पाय आता बरा आहे. पण काही हवं असलं तर ते आईला सांगतात. त्या दिवसापासून त्यांनी मला एकदाही हाक मारलेली नाही.