अक्कांचे संशयित

पडद्यावर टोपीवाला माणूस आला की अक्का हातातली भुईमुगाची शेंग त्याच्यावर रोखायच्या. "हाऊच खूनी शे." थोड्या वेळाने दुसरा टोपीवाला यायचा. शेंग तिकडे वळायची. "नही. हाऊ."

धुळ्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. त्यांच्या मुलाने टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं आणि भलतंच बटण दाबलं जाऊन अक्कांना जुने इंग्रजी रहस्यपट सापडले. विलायतेत चित्रपट नुकतेच बोलू लागले होते तेव्हाचे, थोड्या पैशांत उरकलेले. तासाभरात खून, तपास आणि लग्न. आवाज असा, की मागे कुणी भजी तळतंय. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. मला येत असूनही फारसं कळत नसे.

त्यांचं काही अडायचं नाही. दुसऱ्या एका सिनेमात तोच जिना पुन्हा दिसला तेव्हा म्हणाल्या, "मागला सिनेमामा याच घरमा खून व्हयना व्हता. तरी नवा भाडोत्री उनाच."

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान, आबा, असत. अर्धांगवायूनंतर त्यांचं बोलणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रयत्न सोडू नका. अक्का दर वेळी विचारायच्या, "तुम्हले काय वाटस?" आबा नुसते पाहायचे.

एका दुपारी अक्कांनी कमाल केली. म्हणाल्या, "मरेल मानूसच खूनी शे."

आबांचा चेहरा आक्रसला. ओठ हलले. "नही," ते म्हणाले. मग बऱ्याच कष्टाने, "डागतर."

मी उठून उभा राहिलो. अक्का जागच्या हलल्या नाहीत. "काबरं डागतर?"

"ब्याग," आबा म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर पोलिसांनी बॅगवाल्या डॉक्टरला सोडून वकिलाला धरलं. अक्कांनी टीव्ही बंद केला. "पोलीस चुकनात," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

मी आत डोकावलो. त्या पदराने डोळे पुसत होत्या. "मी मुद्दाम चुकस, भाऊ. लगीन व्हयनं तवयपासून, मी चुकनू का यास्ले बोलल्याबिगर राहवस नही."

त्या दिवसापासून आबा हळूहळू बोलू लागले. यंदा दोघं जळगावला मुलाकडे राहायला गेले. निघताना आबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरशी वाद घालत होते. तो म्हणे, हायवे चांगला आहे. आबा म्हणत, "धरणगाववरथून ले."

मागच्या सीटच्या खिडकीतून अक्का मला म्हणाल्या, "आते यास्ले गप कसं करानं, भाऊ?"

गाडी निघाली. चौकात क्षणभर थांबली आणि धरणगावच्या रस्त्याला लागली.