आक्काच्या खुराड्यावरची डबी

बोलणं ही बॅटरीवर चालणारी गोष्ट आहे आणि ती बॅटरी जन्माला येताना एकदाच भरून मिळते, अशा समजुतीने सत्तरी गाठलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरताना हे मला कोणी सांगितलं नाही. सांगायचं काम मामांवरच सोपवलेलं असावं. मामांनी टेलिफोन खात्यात नोकरी केली, उभी हयात इतरांचं बोलणं या गावाहून त्या गावाला पोचवलं, आणि त्यातलं बहुतेक पोचवण्याच्या लायकीचं नव्हतं असा निष्कर्ष घेऊन ते निवृत्त झाले. स्वतः ते कोणतंही वाक्य टाकण्याआधी समोरच्याकडे टक लावून ‘ऐकताय?’ असं विचारतात. होकार आला की वाक्य टाकतात, आणि मग ‘पोचलं?’ म्हणून थांबतात. पोच मिळाल्याशिवाय दुसरं वाक्य सुटत नाही. आमच्या लग्नात आशीर्वादही याच रीतीने मिळाला. ‘ऐकताय? सुखी राहा. पोचलं?’ मागे आहेराची रांग खोळंबली होती, सनईवाला दुसऱ्यांदा तीच धून वाजवत होता. पण मी ‘पोचलं’ म्हटल्याखेरीज मामा मांडवातून हलले नसते.

मुळशीला धरणाच्या काठावर त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. दोन्ही खोल्यांना मिळून एक दिवा, तोही मधल्या चौकटीत टांगलेला, म्हणजे कोणत्याच खोलीचा हट्ट नको. शेजारी एक रिसॉर्ट उभं राहिलंय. त्याच्या कमानीवर एवढी रोषणाई असते की धरणातल्या माशांची झोपमोड होत असावी. मामांनी त्या कमानीकडे एकदा बघून ‘कशाला?’ एवढाच शब्द खर्च केला होता. स्कूटर उतारावर बंद करायची, चढ आला की चालू करायची, हा त्यांचा शिरस्ता, आणि मागे बसणाऱ्याने उतारावर देवाचं नाव घ्यायचं हा इतरांचा. रेडिओवर ते ठळक बातम्या ऐकतात आणि ‘पुढे तेच असतं’ म्हणून बंद करतात. मी स्वतः नेऱ्याला राहतो. आमच्या सोसायटीचं नाव एका इंग्रजी सरोवरावरून ठेवलंय आणि पाणी टँकरने येतं. त्यामुळे मामांना विक्षिप्त म्हणायचा अधिकार आपल्याला कितपत आहे, याबद्दल मी साशंक असतो.

मामांची थोरली बहीण, आक्का, धरणाच्या पलीकडच्या काठावर एका वाडीत एकटी राहते. होडीने गेलं तर एक बिडी संपायच्या आत पोचता येतं. रस्त्याने वळसा घालायचा तर दिवस मोडतो. तिचे यजमान गेले तेव्हा मामा पलीकडे गेले होते. म्हणाले, ‘आक्का, ऐकतेस? माझ्याकडं राह्यला ये. पोचलं?’

आक्का म्हणाली, ‘पोचलं. येत न्हाई.’

पोचही मिळते आणि नकारही मिळतो, असा प्रसंग मामांच्या नियमात बसणारा नव्हता. ते आल्या होडीने परत आले आणि घरात जाहीर केलं की मी बोलावलं, ती आली नाही. आता मी जाणार नाही. हे व्रत त्यांनी कित्येक वर्षं पाळलं. मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते काठावर उभे राहत आणि पलीकडच्या वाडीतल्या एका कौलारू घरातून धूर निघाला की कप संपवून आत येत. धूर म्हणजे आक्का उठली. धुक्याच्या दिवसांत चहा गार व्हायचा, पण धूर दिसल्याशिवाय तो प्यायला जात नसे. असं बरं चाललं होतं, आणि मग वाडीत गॅस आला. मोठा समारंभ झाला. एका पुढाऱ्यांच्या हस्ते शेगड्यांचं वाटप झालं, शेगड्यांपेक्षा हार जास्त होते, आणि बायाबापड्यांचे डोळे धुरापासून वाचल्याचं पुढाऱ्यांनी भरल्या गळ्याने सांगितलं. वाडीचे डोळे वाचले हे खरं. इकडे मामांचे त्या दिवसापासून गेले.

जायचं नाही, आणि खबर तर हवी. फोनचा उपयोग नव्हता. वाडीत मोबाइलची रेंज येत नाही, आणि आली असती तरी हे दोघं बोलणार काय? तेव्हा मामांनी पुण्याहून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या दोन पट्ट्या आणल्या. काड्यापेटीत मावेल एवढी एकेक पट्टी. एकीला अक्षर भरवलं की दुसरीतून ते बाहेर पडतं. त्या पट्ट्यांच्या अंगची एक गोष्ट कळल्यावर मामा काही दिवस असह्य झाले, म्हणजे त्यांच्या मानाने. दिवसाला सात-आठ वाक्यं. गोष्ट अशी की पट्टीला जितकं सावकाश बोलायला लावावं तितकं तिचं बोलणं लांब पोचतं, आणि घाईने बोललेलं जवळच विरून जातं. ‘ऐकताय? मी हेच सांगत होतो. पोचलं?’ मी ‘पोचलं’ म्हटलं. मग वेग सर्वांत कमी लावला. सोबत आलेली स्प्रिंगसारखी एरियल काढून मोजून कापलेली सरळ तार जोडली आणि ती बांबूला बांधून कौलाच्या वर काढली. नंतर आवाजाची ताकद पायरीपायरीने उतरवत नेली. किती कमी ताकदीत भागतं हे बघायला मी पट्टी घेऊन काठाकाठाने चालत होतो, आणि रिसॉर्टचे पाहुणे मला जमिनीचा मोजणीवाला समजून भाव विचारत होते. संदेश आधी ‘आक्का उठली’ असा होता. मामांनी त्यातली एकेक गोष्ट छाटत शेवटी तो एका आकड्यावर आणला. एक म्हणजे खुराड्याचं झाकण उघडलं. कोंबड्या सोडण्याचं काम आक्का दुसऱ्या कोणाला करू देत नाही, त्यामुळे झाकण उघडलं म्हणजे ती उठली.

पट्टी, सेल आणि झाकणाला लागणारं बटण असं सगळं एका डबीत घालून मामांनी होडीवाल्याबरोबर पलीकडे पाठवलं. परवानगी होडीवाल्यानेच तोंडी आणली. आक्काने सांगितलं होतं, ‘बांद म्हनावं. कोंबड्यांची हरकत न्हाई.’

रोज सकाळी मामा विचारत आणि डबी उत्तर देत असे. पण हाक कधी येईल याचा नेम नाही म्हणून डबी दिवसभर कान टवकारून बसायची, आणि त्यातच तिचे सेल संपायचे. ही उधळपट्टी मामांना सोसणं शक्य नव्हतं. त्यांनी तिला एक नवी आज्ञा शिकवली. इकडून शून्य पाठवलं की तिने झोपायचं. मी नेमका त्या शनिवारी मुक्कामाला होतो. मामांनी शून्य पाठवलं, डबी झोपली, आणि मामांनी आनंदाने स्वतःला गुळाचा खडा घेतला. रविवारी सकाळी त्यांनी तिला उठायची आज्ञा केली. उत्तर नाही. पुन्हा केली. ताकद सर्वांत वर नेली, बांबू आणखी उंच केला. उत्तर नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. डबीने सोंग घेतलेलं नव्हतं. ती खरोखरच झोपली होती; फक्त कान बंद करून, कारण तसंच झोपायला तिला शिकवलं होतं. पण हे त्या वेळी मामांच्या डोक्यात येईना. त्यांना दुसरीच शंका येत होती, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होती. कप खाली ठेवून ते म्हणाले, ‘होडी.’ ‘ऐकताय?’ नाही, ‘पोचलं?’ नाही.

होडी पाण्याच्या मध्यावर आली तेव्हा मामा एकदम म्हणाले, ‘काल मीच झोपवली तिला.’ होडीवाल्याने वल्हं थांबवलं आणि विचारलं, ‘मंग फिरवू का माघारी?’ मामांनी मागच्या काठाकडे बघितलं, पुढच्या काठाकडे बघितलं. म्हणाले, ‘झोपलेली हितून उठत न्हाई. जावं लागतं.’ नोकरीत लागलेली शहरी बोली त्यांच्या तोंडून तेवढ्यापुरती गळून पडली होती.

आक्का ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. कोंबड्या अंगणभर झालेल्या. तिने मान वर केली नाही.

‘काय रं, मेले का ते बगाया आलास?’

‘डबी झोपली,’ मामा म्हणाले.

‘व्हय का. डबीसाटी आलास.’ तिने एक खडा वेचून अंगणात टाकला. ‘तुला माजी खबर पायजे, मी नगं.’

मामांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, सवयीने तिच्याकडे टक लावली आणि म्हणाले, ‘आक्का, ऐकतेस?’

‘ऐकतीया की. कवाधरनं ऐकतीया. तूच बोलंना झालास.’

यावर मामांनी टाकायचं म्हणून काढलेलं वाक्य टाकलंच नाही. ते खुराड्यापाशी गेले आणि डबी उघडून बसले. आक्काने मला माझ्या पगाराबद्दल, नेऱ्यातल्या जमिनींच्या भावाबद्दल आणि भाचीच्या तब्येतीबद्दल सगळं विचारून घेतलं. मग भात आणि मासळीचं कालवण वाढलं. मामांच्या ताटात तिने न विचारता दुसऱ्यांदा भात घातला आणि मामांनी पोच न मागता तो खाल्ला.

त्यानंतर मामांनी रचना बदलली. आता हाकच मारायची नाही. डबी झोपून असते. झाकण उघडलं की ती जागी होते, एक हा आकडा आणि सेलची ताकद कळवते, आणि पुन्हा झोपते. मामांच्या हिशेबाने सेल पुढचा पावसाळा संपेपर्यंत पुरायला हवेत. प्रत्यक्षात ते आठवडाभर पुरतात. आठवड्याला एकदा सकाळी डबी गप्प होते, मामा खिशात नवे पेन्सिल सेल टाकून होडीत बसतात, आणि जेवून परत येतात.

मागच्या खेपेला मी मामांच्या पट्टीला जोडलेल्या छोट्या पडद्यावरचे सेलचे रोजचे आकडे बघितले. उतरणारा सेल माणसासारखाच हळूहळू उतरतो, रोज थोडा. हे सेल मुळीच उतरत नव्हते. काल भरलेले, आज एकदम नाहीत; भरल्या ताटावरून उठून जावं तसे. कोणीतरी हाताने काढल्याशिवाय असं होत नाही. मी आकडे बघतोय हे मामांनी बघितलं.

‘हल्ली सेल चांगले येत नाहीत,’ ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पोचलं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीच आपण होऊन ‘पोचलं’ म्हटलं.

अशाने डबीच्या गप्प होण्यातून आता कसलीच खबर कळत नाही. एखाद्या सकाळी ती गप्प होईल आणि सेल मात्र जागच्या जागी असतील, हे मामांना कळतं, आणि माझ्या मते आक्कालाही कळतं. तोवर मामांच्या घरातला रेडिओ, बॅटरी आणि गजराचं घड्याळ तिकडून आलेल्या उतरलेल्या सेलांवर चालू आहे. निघताना त्यांनी मूठभर माझ्याही हातात ठेवले. म्हणाले, संपलेले आहेत, चालले तर बघा. त्यातला एक मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळात घातला. परवा घड्याळाकडे बघत बायकोने विचारलं, यातला सेल बदलला होता का कधी? मी म्हटलं, मामांनी दिलेला आहे, उतरलेला. ती म्हणाली, मग राहू दे चालू.