अन्विताचा उजवा गुडघा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलहून सकाळी निघालो. माझी धाकटी बहीण सुनंदा गाडी चालवता चालवता मला स्पर्धा समजावून सांगत होती. आसपासच्या दहा कॉलेजांचा एक गट असतो, त्याला इथे कॉन्फरन्स म्हणतात. हंगामाच्या शेवटी त्या गटाची अजिंक्यपद स्पर्धा होते. एक सामना हरलात की बॅगा भरायच्या. सुनंदाची मुलगी अन्विता कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती आणि तिचं हे शेवटचं वर्ष.

चार तासांनी हॉटेलवर पोचलो. अन्विता जिना उतरून आली आणि मला मिठी मारली. मी मात्र तिच्या पायांकडे बघत होते. नागपूरच्या शाळेत मी तीस वर्षं पीटी शिकवलं आहे. प्रत्येक पायरीवर ती आधी उजवा पाय टेकवायची, मग डावा त्याच्याशेजारी आणायची.

“गुडघा दुखतो का गं?”

“आय ॲम फाइन, मावशी.”

“ताई, आल्या आल्या तुझ्या शंका सुरू!” सुनंदा म्हणाली.

स्टेडियमच्या दारात मीच संशयित ठरले. आत फक्त पारदर्शक पिशव्या चालतात. रक्षकाने माझा चिवड्याचा डबा उघडून हुंगला आणि पिशवी गाडीत ठेवून यायला लावली. आत नाचोज (मक्याचे कुरकुरीत तुकडे) घेतले. त्यावरचं पिवळंधमक चीज कशाचं करतात, हे विचारायची हिंमत झाली नाही.

सामना सुरू झाला. ढोल, तुताऱ्या, रंगवलेले चेहरे. अन्विता सुरेख खेळत होती, पण उडी मारून उतरताना सगळा भार डाव्या पायावर. संघाच्या प्रशिक्षक, करड्या केसांच्या एक उंच बाई, तिच्याकडे टक लावून बघत होत्या आणि तरी तिला बाहेर काढत नव्हत्या. सगळं कळत असूनही ही बाई पोरीला दामटते आहे, अशी माझी खात्रीच झाली. सामना जिंकला, पण मला टाळ्या वाजवाव्याशा वाटेनात.

बाहेरच्या बोळात त्याच बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुम्ही तिची मावशी ना, पीटी शिकवणाऱ्या? ती लंगडते का? मी तीनदा विचारलं, ती नाही म्हणते.”

मी चुकीच्या माणसावर संशय घेतला होता. बाईंच्या पाठीमागे उभी राहून अन्विता मला मानेनेच ‘नको’ म्हणत होती.

“उजवा गुडघा,” मी माझ्या शाळकरी इंग्रजीत म्हणाले. “तपासा.”

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसून राहिली आणि संघ दोन गुणांनी हरला. परतताना ती आमच्याच गाडीत बसली आणि चारही तास कानांत इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या आठवड्यात स्कॅन झाला. नुसती सूज होती. डॉक्टर म्हणाले, “एक सामना कदाचित निभावलाही असता.” त्या ‘कदाचित’नं माझी झोप उडवली. पोरीचा शेवटचा सामना मी उगाच हिरावला की काय?

मी नागपूरला परतायला निघाले तेव्हा विमानतळावर सोडायला सुनंदाबरोबर अन्विताही आली.

“मावशी, परत असं झालं तर पुन्हा सांगशील?”

“सांगेन,” मी म्हणाले.

 मी बॅग उचलायला वाकले तर तिने माझा हात बाजूला केला. “नको ना. तुझा लेफ्ट शोल्डर दुखतो.”

खांद्याचं मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“कुठे काय, काही नाही दुखत,” मी म्हणाले.

तिने बॅग उचलली आणि थेट सुनंदाला हाक मारली, “आई, मावशीचा शोल्डर बघ!”