मॉपचा आवाज

ज्ञानेश्वर वीरकर लग्न करून लंडनजवळच्या इल्फर्डला आले ते चोविसाव्या वर्षी. पुढची चौतीस वर्षं त्यांनी ब्रेडच्या फॅक्टरीत काढली. ओव्हनच्या पट्ट्यापाशी एवढा गोंगाट असायचा की कामगार एकमेकांशी खुणांनीच बोलत. इंग्रजी त्यांच्या जिभेवर कधी बसलं नाही, आणि मुळातच माणूस अबोल. नंदाताई शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या डिनर लेडी होत्या. संध्याकाळी त्या दिवसभराचं सगळं सांगायच्या, हे ऐकून घ्यायचे. संसार असा चालला आणि बरा चालला.

एक कला मात्र अंगात होती. पोरवयात दहिवडीकडच्या माळावर त्यांनी मेंढरं राखली होती, आणि मेंढरांचे सगळे आवाज त्यांच्या गळ्यात जसेच्या तसे उतरले होते. मुलगी स्वराली लहानपणी जेवायचा कंटाळा करायची, तेव्हा ते टेबलाखालून कोकरासारखे ओरडायचे आणि ती हसता हसता घास गिळायची.

हीच स्वराली पुढे लीड्सला एका छोट्या गेम कंपनीत साउंडच्या कामाला लागली. एका वीकेंडला ती माइक घेऊनच घरी आली. गेम असा होता: खेळणारा एका ओसाड बेटावर उतरतो, लाकडं तोडतो, घर बांधतो, जंगली श्वापदांपासून जीव वाचवतो. त्या बेटावर मॉप नावाचा एक केसाळ, गरीब प्राणी चरत असतो. तो कुणाला मारत नाही, चावत नाही. त्याला मारलं तर थोडा पळतो आणि पुन्हा चरायला लागतो. मेला की लोकर आणि मांस मिळतं.

"बाबा, याला तुझा आवाज देऊ," स्वराली म्हणाली.

वरच्या छोट्या बॉक्सरूममधल्या कपाटात, कोटांच्या गर्दीत माइक लावला. ज्ञानेश्वरांनी चरण्याचा आवाज दिला, मार खाल्ल्याचा दिला. मग ती म्हणाली, "आता तू मरते."

"मरतो," त्यांनी इंग्लंडातच वाढलेल्या लेकीचं मराठी दुरुस्त केलं आणि डोळे मिटले. दुष्काळाच्या साली एक गाभण मेंढी त्यांच्या मांडीवर गेली होती. तो आवाज त्यांनी पन्नास वर्षांत कुणाला काढून दाखवला नव्हता. खालून नंदाताई हातातल्या डावासकट धावत वर आल्या. "अहो, काय झालं?" कपाटातून घामेजलेला नवरा बाहेर आलेला पाहून त्यांनी लेकीला चांगलंच झापलं.

गेम बऱ्यापैकी चालला. स्वरालीने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. खेळणारा कळपच्या कळप खड्ड्यात ढकलून मारत होता आणि दर वेळी तीच किंकाळी उठत होती.

"एवढंच करतात का याचं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तो पॅसिव्ह आहे. त्याचा कामच ते आहे."

"आणि चरतानाचा आवाज?"

"तो पण वाजतो. पण लोक तिथे थांबत नाही."



तीन वर्षांनी त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली, मग डॉक्टरने पुढे पाठवलं, आणि स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सुचवलं की ऑपरेशनआधी घरच्यांसाठी काही वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. ते काम स्वरालीनेच करायचं ठरलं. तिच्या ऑफिसात नव्या गेमची घाई होती. "शनिवारी नक्की येते," ती म्हणाली. ऑपरेशनची तारीख अलीकडे आली आणि ते गुरुवारीच झालं.

नंतर नंदाताईंनी सगळे फोन धुंडाळले. लग्नांच्या, वाढदिवसांच्या व्हिडिओंत ज्ञानेश्वर एकतर कॅमेरा धरून उभे होते किंवा मागे गप्प बसलेले. व्हॉइस मेसेज त्यांनी कधी पाठवलाच नव्हता. जवळजवळ चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं "नंदा" एवढंसुद्धा कुठे सापडलं नाही.

स्वरालीने जुन्या लॅपटॉपवर गेम घालून दिला. पुढच्याच मंगळवारी दुपारी ज्ञानेश्वर जिन्यात थबकले. खालून त्यांचाच आवाज येत होता, गवत खाताना कोकराला जवळ बोलावणारा. नंदाताई चष्मा सावरत, एका बोटाने बटणं दाबत, स्क्रीनवर एका मॉपच्या शेजारी नुसत्या उभ्या होत्या. ते येऊन शेजारी बसले. मग रोज दुपारी दोघं बसू लागली. एकदा नंदाताईंचं बोट चुकलं, हातातली कुऱ्हाड मॉपला लागली आणि तो ओरडत पळाला. नंदाताईंना रडू आवरेना. "चुकून लागलं हो."

ज्ञानेश्वरांनी आता बोलण्याऐवजी जवळ बाळगलेल्या पाटीवर लिहिलं, "त्याला दुखत नाही."

हिवाळ्यात स्वरालीची कंपनी विकली गेली. तिच्यासकट निम्म्या लोकांना काढलं. तिचा कामाचा लॅपटॉप आणि सगळी रेकॉर्डिंग्ज तिथेच जमा करावी लागली. नव्या मालकांनी अपडेट काढलं, आणि एका दुपारी मॉप वेगळ्याच गळ्याने बोलू लागला. गोड, गुळगुळीत, खेळण्यातल्यासारखा.

"हा नव्हे," नंदाताई म्हणाल्या. त्या बेटभर हिंडल्या. सगळे मॉप तसेच बोलत होते.

स्वरालीने कंपनीला तीन ईमेल पाठवले. एकालाही उत्तर आलं नाही. मग तिने लोकांनी टाकलेले जुने व्हिडिओ आठवडाभर चाळले आणि पेनड्राइव्ह घेऊन घरी आली. चरतानाचा आवाज सगळीकडे संगीताखाली आणि खेळणाऱ्यांच्या बडबडीखाली दबला होता. स्वच्छ अशी एकच गोष्ट मिळाली होती, ती किंकाळी. स्वरालीने ती वाजवली.

"सॉरी, बाबा. शनिवारी येते असं नको म्हणायला पाहिजे होती मी."

ज्ञानेश्वरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी लिहायला पाटी उचलली, पण ती कोरीच खाली ठेवली. नंदाताई म्हणाल्या, "ते बंद कर. तेवढं एक मी घरात ठेवणार नाही."

मार्चमधल्या तपासणीत फुप्फुसात गाठी दिसल्या. डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरं नंदाताईंनीच दिली: किती जेवतात, किती झोपतात, कुठे दुखतं. शेवटी डॉक्टरांनी ज्ञानेश्वरांकडे वळून हळूच विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. त्यांनी मान हलवली, नाही. घरी परतताना बसमध्ये नंदाताई नेहमीसारख्या शाळेतलं काहीबाही सांगू लागल्या, आणि दोन स्टॉपनंतर त्याही गप्प झाल्या.