सावली उचला, बायांनो!

डोमाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. पुढची एकही ओळ डोळ्यांत शिरली नाही...

काका तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातले. सिहोऱ्यात त्यांचा लहानसा स्टुडिओ. लग्नाच्या फोटोंवर पोट चाले, जीव मात्र काळ्या-पांढऱ्या रोलमध्ये. मला अक्षरओळखच मोर्च्याच्या पत्रकांवरून झालेली. ओरडून सांगितलं की जग ऐकतं, हा माझा समज. आमच्या गावातलं कच्च्या विटांचं जुनं चर्च पाडून सिमेंटचं बांधायचं घाटू लागलं, तेव्हा मी ते वाचवायला तावातावानं पत्रक काढलं : भेगा, पोपडे, वाळवी, दुर्लक्ष! चर्चच्या मंडळानं तेच पत्रक बैठकीत वाचलं आणि म्हटलं, पाहा, पडायलाच आलंय.

काका म्हणाले, "पोरी, तुझं पत्रक वाचून मलेच वाटलं, पाडून टाका बाप्पा!"

मग मी त्यांनाच फोटो काढायला नेलं. दरवर्षी नाताळाआधी गावातल्या बाया, ख्रिस्ती आणि हिंदूही, त्या भिंती मातीनं लिंपतात, वरून पांढऱ्या मातीचा हात देतात. लिंपण नुकतंच वाळलं होतं. मी उरलेल्या भेगा दाखवत होते आणि काका समोरच्या दगडावर नुसते बसलेले.

"काका, ऊन जाऊन राहिलं ना!"

"जाऊ दे. तिरपं होऊ दे."

उन्हं कलली आणि सपाट भिंतीवर तळव्यांची शेकडो वळणं उठून आली. बघायला जमलेल्या बायांच्या सावल्या भिंतीवर पडल्या तसे काका ओरडले, "सावली उचला, बायांनो!" बाया हसत बाजूला झाल्या. "रंगीतमध्ये नुसती माती दिसते. याच्यात हात दिसते," ते मला म्हणाले.

पुढच्या बैठकीत त्यांनी मोठे प्रिंट टेबलावर पसरले. मी बोलायला उठले, तर डोळ्यांनीच दटावलं. सिमेंटच्या बाजूनं बोलणाऱ्या सिंधूबाई प्रिंटवर वाकल्या. "हा माझा हात हाये. मी डावरी, म्हून वळण उलटं."

"तरीच म्हटलं, ते भिंत वाकडी काहून!" मागून कुणीतरी म्हणालं. मग जो तो आपल्या घरचा हात शोधू लागला. शेवटी सिंधूबाईंनीच विचारलं, "सिमेंटच्या भिंतीले आमी कायचा हात लावू?"

चर्च राहिलं. मी पत्रकं अजून काढते. पण छापण्याआधी विचारते, यात कुणाचा हात दिसतो?

परवा यंदाचं लिंपण झालं. "पत्रकवाली, ये, हात भरव," म्हणून मलाही ओढलं. माझं वळण सगळ्यांत बेढब. उन्हं कलली तशा सिंधूबाई हळूच म्हणाल्या, "सावली उचला गं..."

आम्ही सगळ्याजणी बाजूला झालो. समोर दगड रिकामा होता.