एका पावतीला बारा शेंगा

माझं काम लोकांना समजावून सांगायला गेलं की पंचाईत होते. आईने शेवटी पार्ल्यातल्या शेजारणींना "ती कॉम्प्युटरवर लक्ष ठेवते" एवढंच सांगायला सुरुवात केली. त्यावर एकीने विचारलं, का गं, पळून जातो की काय तो? पण आईचं बरोबरच होतं. उपनगरांत रक्ततपासणीची केंद्रं चालवणाऱ्या एका कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात मी बसते. केंद्राच्या काउंटरवर पेशंटचं नाव घालून पावती काढायची जी सिस्टम आहे, ती चालू आहे ना आणि पटापट चालतेय ना, हे बघायचं. भिंतीवर मोठा स्क्रीन आणि त्यावर प्रत्येक केंद्राचा एक ठिपका. हिरवा म्हणजे झकास, लाल म्हणजे वाट लागली.

हे ठिपके ठरवायला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला आम्ही खोटी काउंटरवाली म्हणायचो. दर पाच मिनिटांनी ती प्रत्येक केंद्राच्या नावाने सिस्टममध्ये शिरायची, पेशंटचा फॉर्म उघडायची, किती सेकंद लागले ते लिहायची आणि बाहेर पडायची. ना तिला चहा लागायचा, ना रजा. मला तिचा कोण अभिमान.

दिवाळीनंतर मुलुंडच्या केंद्रातून तक्रारी यायला लागल्या. सकाळी उपाशीपोटी आलेले लोक रांगेत ताटकळत उभे, एकाला तर चक्कर आली. तिथले मॅनेजर म्हणाले, काउंटरवरच्या बाई हळू आहेत. बाई म्हणाल्या, सिस्टम हळू आहे. साहेबांनी मला विचारलं. मी स्क्रीनचा फोटो काढून मेलवर पाठवून दिला. मुलुंड हिरवं, दोन सेकंद. माझी जीभ तशीच तिखट, त्यात कुणी माझ्या सिस्टमला नावं ठेवली की डोकंच फिरतं. फोटोखाली मी माझ्या पदरचं एक वाक्य टाकलं: नाचता येईना अंगण वाकडं.

त्या फोटोवरून बाईंची बोरिवलीला बदली ठरली. पत्र शुक्रवारी निघणार होतं. बुधवारी साहेब म्हणाले, "तू एकदा प्रत्यक्ष जाऊन ये, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको." मी गेले ती बाईंचा हळूपणा डोळ्यांनी बघून यायला.

पन्नाशीच्या होत्या. सगळं केंद्र त्यांना काकी म्हणायचं. मी जाऊन मागे उभी राहिले आणि दोन मिनिटांत चोरी पकडली. काउंटरच्या उघड्या खणात गवार होती. काकी पेशंटचं नाव टाइप करायच्या, बटण दाबायच्या आणि खाली मान घालून शेंगा मोडायला लागायच्या. समोर रांग दारापर्यंत. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"काकी, ड्यूटीवर भाजी?" मी म्हटलं.

त्या दचकल्या नाहीत. उठल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा. तुम्हीच काढा पुढच्या आजोबांची पावती."

मी बसले. नाव, वय, फोन, तपासण्या. माझी बोटं काकींपेक्षा जलद चालतात, ते मी मुद्दाम दाखवलं. सेव्ह दाबलं. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. आजोबा माझ्या तोंडाकडे बघताहेत. त्यांच्या मागची बाई बघतेय. मी उगाच माउस हलवला. कुणीतरी मागून म्हणालं, नवीन आहे वाटतं. माझे कान तापले.

काकींनी खण माझ्याकडे ओढला. "मोडा. हात रिकामे दिसले की लोक जास्त चिडतात. सगळ्यांच्या तोंडाकडे किती वेळ बघत बसणार?"

मी गवार मोडायला लागले. नऊ शेंगा झाल्या तेव्हा पावती आली.

"नऊ?" काकी म्हणाल्या. "तुमचा हात सावकाश चालतो. माझ्या बारा होतात. दिवाळीच्या आधी तीन व्हायच्या. ह्या मॅनेजरांना शंभरदा सांगितलं, पण शेंगांचा हिशेब कोण ऐकतो."

मी मोबाइलवर सेकंद मोजले. वीस पेशंटचे मोजले. पावणेएक मिनिट, पावणेएक मिनिट, कधी पूर्ण मिनिट. काकींच्या शेंगा माझ्या घड्याळाशी बरोबर जुळत होत्या. आणि माझी खोटी काउंटरवाली? ती फॉर्म उघडून परत यायची. सेव्ह ती कधी दाबतच नव्हती, कारण दाबलं असतं तर खोटे पेशंट खऱ्या यादीत जाऊन बसले असते. हे मीच ठरवलं होतं, मोठ्या हुशारीने. म्हणजे जिथे सगळा वेळ जात होता, तिथे माझी बाई पोचतच नव्हती. अंगण खरंच वाकडं होतं.

एक वाजला तशी काकींनी पर्स घेतली. त्या नाहूरला राहायच्या, रिक्षाने दहा मिनिटं. घरी सासू, डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. मागे एकदा स्वतः गॅस पेटवायला गेली आणि पदर जळाला. तेव्हापासून दुपारी काकी जातात, ताट वाढतात, जेवण होईपर्यंत बसतात आणि परत येतात. घरात तिसरं माणूस नाही.

"बोरिवलीहून जमणार नाही," त्या म्हणाल्या. "मग नोकरी सोडायची, दुसरं काय."

मला राहवलं नाही. "काकी, ते अंगण वाकडं लिहिलेलं... ते माझंच होतं."

"ठाऊक आहे गो बाय. मॅनेजरांनी मेल दाखवला ना, खाली तुमचं नाव होतं." आणि त्या रिक्षा पकडायला गेल्या. मला इतकी लाज आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

गुरुवारी मीटिंगमध्ये मी उभी राहिले. सांगितलं की माझे ठिपके खोटं दाखवत होते. दिवाळीत सिस्टममध्ये एक बदल केला होता. सेव्ह दाबलं की हा पेशंट आधी येऊन गेलाय का, हे बघायला ती त्या केंद्राची सगळी जुनी यादी पहिल्यापासून चाळायची. मुलुंड आमचं सगळ्यात जुनं केंद्र, त्यामुळे यादीही सगळ्यात लांब. साहेबांनी माझा तक्ता पाहिला. एका रकान्यात सेकंद होते, शेजारच्या रकान्यात शेंगा.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"काकींचं माप. माझ्यापेक्षा खरं निघालं."

हसले सगळे, हसू दे. बदलीचं पत्र निघालं नाही. सोमवारपर्यंत यादी चाळायची पद्धत बदलली. खोट्या काउंटरवालीलाही मी खोट्या पेशंटांची, पण खऱ्या यादीइतकीच लांब अशी वेगळी वही दिली, आता तिला दर वेळी सेव्ह दाबावंच लागतं. मंगळवारी सकाळी मी मुलुंडला फोन लावला.

"किती शेंगा, काकी?"

"एक धड होत नाही. हातात घेईपर्यंत पावती बाहेर. भाजी सगळी पिशवीत तशीच."

मला इतका आनंद झाला की मी जागेवरून उठून स्वतःसाठी चहा घेऊन आले.

बुधवारी काकींचाच फोन आला. म्हणाल्या, काल काय झालं ऐका. संध्याकाळी घरी गेले, नेहमीसारखी पिशवी सासूच्या मांडीवर ठेवली. रोज ती हात घालून मी काउंटरवर मोडलेली भाजी चाचपते, तेवढाच तिला विरंगुळा. काल हात घातला आणि तशीच थांबली. एकेक शेंग बोटांनी देठापासून टोकापर्यंत बघितली. मग हळूच विचारलं, "गवार अख्खी कशी आज? नोकरी गेली काय गो तुझी?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सांगितलं तिला सगळं. नीट बसली, परात मागितली. आता रोज मीच मोडणार म्हणते."